आपली वीज कोयनेची की कोळशाची? कोथरूडच्या एका सोसायटीच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडला ४८ फ्लॅटची जुनी सोसायटी आहे. गच्चीवर सोलर बसवायचा विषय सभेत निघाला आणि दोन तट पडले. एक काका म्हणाले, "पुण्याला कोयनेची वीज येते, ती पाण्यावरचीच आहे, मग एवढा खर्च कशाला?" दुसरे म्हणाले, "सगळी वीज शेवटी कोळशाचीच, आपल्या चार पॅनेलनी काय होणार?" आता तुम्हाला जाणून घ्यायचंय की खरं कोण बोलतंय, सगळ्यात चांगली वीज कुठली, आणि सोसायटीने पैसे घालावेत का.

मी छत्तीस वर्षं विजेच्या कामात काढली. सुरुवातीला विदर्भातल्या एका औष्णिक केंद्रात होतो, मग कोयनेच्या पोफळीच्या वीजगृहात, आणि शेवटची बरीच वर्षं पुण्याभोवतीच्या उपकेंद्रांत. निवृत्त झाल्यापासून सोसायट्यांच्या गच्च्या बघून सल्ला देतो, त्यामुळे हे दोन्ही काका मला दर महिन्याला कुठे ना कुठे भेटतात. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण दोघांच्याही हिशेबातून घड्याळ सुटलं आहे. सकाळी सात, दुपारी एक आणि रात्री आठ या तीन वेळांना तुमच्या घरात येणारी वीज वेगवेगळ्या मिश्रणाची असते, आणि सोलरचा निर्णय त्यावरच करायला हवा. म्हणून उत्तर थोडं लांबणार आहे.

आधी "पुण्याला अमुक ठिकाणची वीज येते" हे डोक्यातून काढू. एके काळी शहरापुरती वीज कंपनी असायची. रास्ता पेठेतल्या थांब्याला लोक अजून पॉवर हाऊस म्हणतात ते उगीच नाही. आज मात्र देशातली सगळी मोठी केंद्रं तारांच्या एकाच जाळ्याला जोडलेली आहेत. दक्षिणेकडचं जाळं सगळ्यात शेवटी जोडलं गेलं, ३१ डिसेंबर २०१३ला, आपल्याच सोलापूरहून रायचूरला गेलेल्या ७६५ केव्हीच्या (केव्ही म्हणजे किलोव्होल्ट, हजार व्होल्ट) वाहिनीने. बंडगार्डनच्या बंधाऱ्यापाशी नदीत बादली बुडवा आणि विचारा, यातलं पानशेतकडचं पाणी किती, पवनेचं किती, मुळशीच्या बाजूचं किती? त्या बादलीला जसं एक गाव नसतं तसंच तुमच्या युनिटलाही नसतं. फरक एवढाच की पाणी साठून राहतं, वीज या तारांमध्ये क्षणभरही साठत नाही. तुम्ही बटण दाबता त्याच क्षणी कुठेतरी तेवढी जास्त तयार व्हावी लागते.

पुण्यापुरतं बोलायचं तर ही वीज लोणीकंद, चाकण, जेजुरी अशा शहराबाहेरच्या ४०० केव्हीच्या उपकेंद्रांत उतरते. तिथून २२० आणि १३२ केव्हीवर पर्वती, कोथरूड अशा शहरातल्या उपकेंद्रांत, मग २२ किंवा ११ केव्हीच्या केबलने तुमच्या गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, आणि तिथून मीटरच्या खोलीत. कुठल्या तासाला कोणतं केंद्र किती चालवायचं हे कळव्याचं राज्य भार प्रेषण केंद्र ठरवतं. नियम साधा आहे: सूर्य आणि वारा देतील ते आधी घ्यायचं, मग ज्याचा इंधनखर्च कमी ते केंद्र, मग त्याहून महाग, आणि मागणी भरेपर्यंत असं चढत जायचं.

आता कोळसेवाल्या काकांचं म्हणणं घेऊ, कारण आकड्यांत त्यांचं पारडं जड आहे. देशात वर्षभरात तयार होणाऱ्या विजेतली साधारण ७० ते ७५ टक्के वीज कोळशावरची असते. आपल्या राज्यातही कणा तोच आहे: चंद्रपूर २,९२० मेगावॉट (एक मेगावॉट म्हणजे हजार किलोवॉट), कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, पारस, नाशिकजवळचं एकलहरे, शिवाय सोलापूरजवळचं एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं केंद्र. चंद्रपूरहून तर ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटरची ५०० केव्हीची डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या प्रवाहाची) वाहिनी १९९९पासून वीज आणते आहे. इथे एक गल्लत होते ती सांगतो. २०२५च्या मध्यावर बातमी आली होती की देशाची निम्मी क्षमता आता कोळसा, गॅस, तेल सोडून इतर स्रोतांची झाली. ती बातमी खरी होती. पण ती बसवलेल्या यंत्रांच्या क्षमतेबद्दल होती, तयार झालेल्या युनिटबद्दल नव्हती. एक मेगावॉटचं सोलर रात्री शून्य असतं. एक मेगावॉटचं कोळशाचं यंत्र रात्रंदिवस चालतं. त्यामुळे क्षमता अर्धी-अर्धी झाली तरी युनिट तसे विभागले जात नाहीत.

एक युनिट म्हणजे किती कोळसा? साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम. महिन्याला दीडशे युनिट वापरणाऱ्या घराच्या वाट्याला, वरचं प्रमाण धरलं तर, सत्तर किलोच्या आसपास कोळसा येतो. सिमेंटचं एक पोतं आणि वर वीस किलो, दर महिन्याला, एका फ्लॅटमागे. आपल्या कोळशात राखेचं प्रमाण तीस-चाळीस टक्के असतं, म्हणजे त्यातली वीस-पंचवीस किलो राख मागे उरते. ही राख मी अंगावर घेतली आहे. विदर्भातल्या त्या केंद्राच्या वसाहतीत आम्ही राहायचो तेव्हा दुपारी वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी दोरीवरून काढताना झटकावा लागे. खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलं की करडी रेघ उमटायची, आणि सकाळी पुसलं तरी संध्याकाळी पुन्हा तेच. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती, हिवाळ्यात तिचा खोकला महिना महिना हलायचा नाही. पुण्यात बटण दाबणाऱ्याला यातलं काही दिसत नाही, म्हणून सांगतो.

तरी कोळशाला नुसत्या शिव्या देणं मला जमत नाही. जुलैत आठवडाभर सूर्य दिसत नाही, ऑक्टोबरात वारा पडलेला असतो, अशा वेळी हॉस्पिटलं आणि पाणीपुरवठ्याचे पंप ज्यांनी चालू ठेवले ती हीच केंद्रं. त्यांचा मोठा दोष धूर-राखेपलीकडचाही आहे: ती हळू आहेत. थंड पडलेलं यंत्र पुन्हा पूर्ण भारावर आणायला दहा-बारा तास सहज जातात. म्हणून दुपारी सोलर भरपूर असलं तरी त्यांना बंद करता येत नाही, ५५ टक्क्यांपर्यंत उतरवून तेवत ठेवावं लागतं, कारण संध्याकाळी ती पुन्हा लागणारच असतात. आणि पाणी त्यांनाही लागतं. २०१३च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं.

आता कोयना. पोफळीचं वीजगृह डोंगराच्या पोटात आहे. बोगद्यातून आत गेलं की बाहेरचा पाऊस ऐकू येईनासा होतो आणि चपलेच्या तळातून यंत्रांची घरघर पायात शिरते. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या वरिष्ठांनी एक हिशेब करायला लावला होता, तो मी अजून सगळ्यांना सांगतो. पाणी तिथे पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली कोसळतं. तुमच्या गच्चीवर असते तशी हजार लिटरची एक काळी टाकी डोळ्यांसमोर आणा. ती भरून तेवढ्या उंचीवरून सोडली तर वीज मिळते जेमतेम सव्वा युनिट. अख्खी टाकी, सव्वा युनिट! त्या दिवसापासून मी घरात कुठेही उगीच चालू राहिलेला पंखा बघू शकत नाही.

हाच हिशेब पहिल्या काकांना सांगा. कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट आहे, आकडा दणदणीत वाटतो. पण कृष्णा पाणीतंट्याच्या निवाड्यानुसार पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीपुरतं (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) बांधलेलं आहे. खाली कोळकेवाडीला अडवून त्याच पाण्यावर आणखी एकदा वीज केली तरी वर्षाकाठी हाती येते ती तीनशे कोटी युनिटच्या घरात. यंत्रं बारा महिने अखंड चालली असती तर १,७०० कोटी युनिट झाले असते. म्हणजे कोयना सहा तासांतला एकच तास पूर्ण ताकदीने चालते असं समजा. राज्याच्या वर्षभराच्या विजेत तिचा वाटा शंभरात दोनच्या आसपास पडतो. पानशेत आणि वरसगावच्या पायथ्याला आपली छोटी वीजगृहं आहेत, आठ-आठ मेगावॉटची, पण शहराच्या मागणीपुढे ती नगण्य आहेत. तेव्हा "पुण्याला कोयनेची वीज" हे त्या अर्थाने खरं नाही.

मग कोयनेचं मोल कशात आहे? चपळाईत. थांबलेलं यंत्र काही मिनिटांत पूर्ण भारावर येतं आणि तितक्याच लवकर उतरवता येतं. संध्याकाळी साडेपाच ते साडेसात या दोन तासांत सूर्य मावळतो, राज्यभरातलं सोलर शून्याला येतं, आणि त्याच वेळी घरोघरी दिवे, टीव्ही, एसी, इंडक्शन चालू होतात. महावितरणची मागणी उन्हाळ्यात २५ हजार मेगावॉटच्या घरात जाते, त्यात असा खड्डा भरून काढायला कोळशाची यंत्रं कितीही ताणली तरी पुरी पडत नाहीत. त्या दोन-तीन तासांसाठी कोयनेचं पाणी राखून ठेवलेलं असतं. तुमच्या घरात कोयना असते ती प्रामुख्याने तेव्हा, आणि सकाळच्या गीझरच्या गर्दीत थोडी.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण ५ एप्रिल २०२०चं. टाळेबंदीत रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवायचं आवाहन होतं. मी निवृत्त झालो होतो, पण घरी मोबाइलवर फ्रीक्वेन्सी बघत बसलो होतो, हात थंड पडले होते. पन्नास हर्ट्झ हा आपल्या जाळ्याचा ठोका. मागणी एकदम पडली तर तो चढतो, एकदम वाढली तर बसतो, आणि फार हलला तर केंद्रं स्वतःला वाचवायला आपोआप बाहेर पडतात. त्या रात्री देशाची मागणी काही मिनिटांत ३१ हजार मेगावॉटने खाली आली आणि पुन्हा चढली. फ्रीक्वेन्सी ४९.७ आणि ५०.२६च्या दरम्यान राहिली. हे शक्य झालं ते मुख्यतः देशभरच्या जलविद्युत केंद्रांमुळे, कारण तेवढ्या वेगाने उतरून पुन्हा चढणं कोळशाच्या यंत्रांना झेपलं नसतं. आपल्या पुरवठ्यात कोण कोणाला सावरतं ते मी त्या रात्री जितकं स्पष्ट पाहिलं तितकं नोकरीत असतानाही पाहिलं नव्हतं.

पाण्याची वीज स्वच्छ म्हणताना मात्र एक गोष्ट पुणेकरांनी विसरू नये. मुळशी धरण आपल्या जिल्ह्यातलं. त्याचं पाणी सह्याद्रीवरून खाली रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याला सोडतात, तिथलं वीजगृह १९२७चं, आणि ती वीज मुंबईसाठी उभी राहिली. जमिनी गेल्या मावळ्यांच्या. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्यांनी सत्याग्रह केला तो याच धरणाविरुद्ध. कोयनेच्या जलाशयात ज्यांची गावं बुडाली त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्नही पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळले. धुराडं नाही म्हणून कुणाला किंमत मोजावी लागली नाही असं नसतं. आणि आता नवी मोठी धरणं बांधायला जागाही फारशी उरलेली नाही. पुढे होईल ते उदंचन: दुपारच्या स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी सोडायचं. घाटघरला २५० मेगावॉटचा असा प्रकल्प आहे, भिऱ्यालाही तशी सोय आहे. माझ्या मते सह्याद्रीचा कडा या कामासाठी देवाने दिलेला आहे, फक्त जंगल आणि गावं सांभाळून करायला हवं.

वाऱ्याबद्दल तुम्ही वेगळं विचारलंय: गच्चीवर छोटी पवनचक्की लावावी का? नको. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की मिळणारी वीज निम्मी होत नाही, आठवा हिस्सा होते. कोथरूडमध्ये इमारतींत अडकून, गिरक्या घेत येणाऱ्या वाऱ्यावर ते पातं फिरताना छान दिसेल, वीज देणार नाही. वाऱ्याची जागा साताऱ्याकडे चाळकेवाडी आणि वनकुसवड्याच्या पठारावर. पावसाळ्यात तिथे उभं राहवत नाही इतका वारा असतो, आणि नेमकं तेव्हाच सोलर मंदावलेलं असतं. हे दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात ही आपल्या राज्याची जमेची बाजू आहे. फक्त दसऱ्यानंतर वारा पडतो आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात एसी मात्र चालू असतात.

बाकीचे स्रोत पटकन सांगतो. अणुवीज: तारापूर १९६९पासून चालू आहे, आज चार यंत्रांची मिळून क्षमता १,४०० मेगावॉट. धूर नाही, रात्रंदिवस एकसारखी वीज. पण उभारायला वर्षानुवर्षं लागतात, खर्च प्रचंड, आणि वापरलेलं इंधन पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत बसावं लागतं. गॅस: उरण आणि दाभोळला केंद्रं आहेत, कोळशापेक्षा स्वच्छ आणि चपळ, पण बाहेरून आणलेला गॅस महाग पडतो म्हणून ती पूर्ण ताकदीने क्वचितच चालतात. आणि पुण्याच्या आसपासची, पण कुणाच्या लक्षात न येणारी वीज म्हणजे साखर कारखान्यांची. उसाच्या चिपाडावर राज्यात दोन हजार मेगावॉटहून जास्त क्षमता आहे, पण ती गळीत हंगामापुरती, दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी थांबते.

आतापर्यंतचा हिशेब एका ठिकाणी मांडतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. दुपारी तुमच्या घरात सोलरचा वाटा बराच असतो आणि कोळसा उतरवून तेवत ठेवलेला असतो. संध्याकाळी आणि सकाळी लवकर कोळसा पूर्ण ताणलेला असतो आणि वरचा भार पाण्यावर. उत्तररात्री मुख्यतः कोळसा, थोडी अणुवीज, पावसाळ्यात वारा. त्यामुळे सगळ्यात चांगला स्रोत कुठला, याला एका शब्दाचं उत्तर मी देत नाही. कुठल्या वेळेसाठी, असं विचारलंत तर देईन.

आता तुमची सोसायटी. गच्चीवरच्या सोलरचे गुण सांगायला विक्रेते पुष्कळ आहेत, म्हणून मी हिशेब आणि अडचणी सांगतो. पुण्यात एक किलोवॉट पॅनेल वर्षभराच्या सरासरीने दिवसाला चार युनिट देतं. एप्रिल-मे महिन्यांत पाच, जुलैत दोन-अडीच. जागा लागते साधारण शंभर चौरस फूट. सगळ्या ४८ फ्लॅटची घरगुती वीज काढायची म्हटलं तर महिना दीडशे युनिटच्या हिशेबाने साठ किलोवॉट लागेल, म्हणजे सहा हजार चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा. टाक्या, लिफ्टची खोली, डिश अँटेना आणि शेजारी झालेला नवा टॉवर वजा केला की तेवढी तुमच्याकडे नसेल. म्हणून जुन्या सोसायटीने सामाईक मीटरपासून सुरुवात करावी: लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. तुमच्या सामाईक बिलात महिन्याला दोन हजार युनिट येतात असं धरू. त्याला सतरा किलोवॉट पुरतात.

खर्च उंच सांगाडा घ्यायचा की बुटका यावर ठरतो, पण किलोवॉटला पन्नास-साठ हजार धरून चाला. पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे, सतरा किलोवॉटला तीन लाख सहा हजार. म्हणजे खिशातून साडेपाच ते सात लाखांच्या दरम्यान जातील, फ्लॅटमागे पंधरा हजारांच्या आत. वर्षाला वाचणारे युनिट चोवीस हजार. त्याला तुमच्या बिलावरच्या शेवटच्या टप्प्याच्या दराने गुणा. मी पाहिलेल्या बहुतेक सोसायट्यांचे पैसे तीन ते पाच वर्षांत वसूल झाले. पॅनेल पंचवीस वर्षं धरतात. पॅनेलची वीज घरच्या वापराजोगी करणारा इन्व्हर्टर मध्ये एकदा बदलावा लागतो, त्याची तरतूद आजच ठेवा. आधी सामाईक मीटरचा मंजूर भार किती आहे ते बघा, त्याहून मोठी यंत्रणा मंजूर होत नाही. नेट मीटरिंगचे (तुम्ही जाळ्याला दिलेली वीज बिलातून वजा करण्याचे) नियम आणि वेळेनुसारचे दर मधून मधून बदलतात, त्यामुळे अर्ज करायच्या आठवड्यात महावितरणच्या कार्यालयात जाऊन त्या दिवशीचा नियम लेखी घ्या, विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका.

तीन गोष्टी लोकांना कुणी सांगत नाही आणि नंतर भांडणं होतात. एक, वीज गेली की तुमचं सोलरही बंद पडतं. भर दुपारी ऊन असलं तरी. तारा बंद आहेत असं समजून लाइनमन खांबावर चढलेला असतो, तेव्हा तुमच्या गच्चीवरून वीज उलटी गेली तर तो जिवानिशी जाईल, म्हणून इन्व्हर्टर स्वतःच जाळ्यापासून वेगळा होऊन बंद होतो. लिफ्टसाठी जनरेटर ठेवावाच लागेल. त्याची वीज मात्र सगळ्यात महाग असते, लिटरभर डिझेलला तीन-साडेतीन युनिट. दोन, कबुतरं. पॅनेलच्या कोपऱ्यात पडलेली विष्ठा पूर्ण ओळीची वीज खाली ओढते. महिन्यातून दोनदा धुवायला माणूस आणि नळ वर हवा, आणि धुवायचं ते सकाळी, तापलेल्या काचेवर नाही. बोअरचं जड पाणी वापरलंत तर पांढरे डाग कायमचे बसतात. तीन, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी करून घ्या. सांगाड्याचे पाय बसल्यावर गळती निघाली की वरच्या मजल्यावरचे आणि कमिटी यांच्यात जे होतं ते मी चार ठिकाणी पाहिलं आहे. सांगाडा माणसाच्या उंचीपेक्षा वर घेतला तर खाली वाळवणं, लग्नाआधीचा हळदीचा मांडव, सगळं चालू राहतं. थोडे पैसे जास्त जातात, पण सभेतला विरोध निम्मा विरघळतो.

दुसऱ्या काकांना मात्र हे सांगा की सतरा किलोवॉटने वर्षाला पंधरा-सोळा टन कोळसा जाळावा लागत नाही. आणि ती वीज दोनशे-सातशे किलोमीटर तारांतून येत नाही, तुमच्या गच्चीवरून तुमच्याच लिफ्टला जाते. हे छोटं नाही.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की गच्चीवर जुने सोलर बंब आहेत, क्षार साचून बंद पडलेले, ते भंगारात काढायचं चाललंय. कृपा करून काढू नका. शंभर लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण तीन युनिट लागतात. हे तीन युनिट गीझर सकाळी सहा ते आठमध्ये ओढतो, म्हणजे पॅनेलला ऊन लागायच्या आधी, कोळसा ताणलेला असताना. बंबाचं तसं नाही. तो काल दुपारचं ऊन टाकीत भरून ठेवतो आणि आज सकाळी देतो. लोक बॅटरीला लाखो रुपये मोजायला तयार होतात आणि डोक्यावर असलेली ही साठवण विकून टाकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नळ्या बदलून, टाकीतला क्षार काढून, पाइपाला नवं आवरण घातलं तर बहुतेक बंब पुन्हा चालू होतात. माझ्या अनुभवात हा सगळ्यात कमी खर्चाचा आणि सगळ्यात लवकर फेडणारा भाग आहे, पॅनेलच्या आधी हाच करा. घरातले जुने ७५ वॉटचे पंखे जसे बिघडतील तसे तीस वॉटच्या आसपासच्या, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरच्या पंख्यांनी बदला, कारण ते रात्रभर चालतात आणि रात्रीला सोलर नाही.

आणि सभेआधी वॉचमनला विचारा की वरच्या टाकीचा पंप तो किती वाजता लावतो. बावधनच्या एका सोसायटीत तो पहाटे सहाला आणि संध्याकाळी सातला लावला जायचा, वर्षानुवर्षं, कारण आधीच्या वॉचमनने तसं सांगून ठेवलं होतं. पालिकेचं पाणी खालच्या टाकीत सकाळीच येऊन पडायचं. आम्ही वरच्या टाकीला एक फ्लोट आणि पंपाला दोनशे-तीनशे रुपयांचा टायमर लावला, पंप अकरा ते तीनच्या मध्ये चालायला लागला, आणि पहिल्या आठवड्यात एक आजी सोडल्या तर कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्यांना दुपारी पंपाच्या आवाजाने झोप लागेना, म्हणून पंपाखाली रबराचं पॅड टाकलं. तुमच्याकडच्या पंपाची वेळ, सामाईक मीटरची गेल्या बारा महिन्यांची बिलं आणि गच्चीचा दुपारी बारा व चार वाजता काढलेला एकेक फोटो इथे टाका. सावली कुठे पडते ते बघून पॅनेल कुठल्या बाजूला घ्यायचे आणि किती, ते नक्की सांगतो.